सिंधू, तो अर्ज तू मागं घेतला नव्हतास

इकडं ये गं सिंधू. अशी लांबून हसू नको, जवळ येऊन बस. कान धरायचाय तुझा. भांडण अर्ध्यावर टाकून कुणी जातं का? दोघी मिळून चादर पिळत होतो, एक टोक तुझ्या हातात, एक माझ्या. "ताई, जरा थांब," म्हणालीस आणि खाली बसलीस ती बसलीसच. थांबले की मी. अजून थांबलेय. मोठ्या जावेच्या आधी धाकटीनं जायचं नसतं, एवढा साधा रिवाज तुला पाळता आला नाही. सगळ्या जगाचे कायदे पाठ, आणि घरातला एक नाही.

महिला मंडळाच्या बायका आल्या होत्या. म्हणाल्या, मावशी, सिंधूकाकूंवर चार पानं लिहून द्या, छापू आपण. सोबत एक कागद दिला : जन्म कधी, शिक्षण किती, पद कोणतं, पुरस्कार कोणते. मी तो घडी घालून डब्याखाली ठेवला. ते सगळं सरकारी कागदांत सापडेल. कागदांत नाही ते मी लिहिते.

तू लग्न होऊन आलीस तेव्हा लोणावळ्याची सून म्हणून आम्ही चिक्कीच्या आशेनं तुझी ट्रंक उघडली. वर दोन लुगडी, खाली सगळी वर्तमानपत्रं. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "ह्यात काय गुंडाळायचंय गं?" तर तू म्हणालीस, "काही नाही, आई. वाचायचंय." तुझे वडील रेल्वेत कामाला, गाडीत लोकांनी टाकून दिलेले पेपर ते तुझ्यासाठी गोळा करून आणायचे. दोन दिवसांचा शिळा पेपर तू ताज्या भाकरीसारखा वाचायचीस.

अक्षरं मात्र मी माझी शिकले हं. ते श्रेय तुला देणार नाही. कामशेतच्या दुकानांच्या पाट्या, एसटीच्या पाट्या, बियाण्याच्या पिशव्या, जे दिसेल ते वाचत गेले. सही चुलीपुढच्या राखेत बोटानं गिरवली. पन्नाशीला आले होते तेव्हा. अंगठा लावायचा बंद केला तो दिवस मला लग्नापेक्षा नीट आठवतो. बँकेतल्या माणसानं शाईची डबी पुढं सरकवली आणि मी ती दोन बोटांनी मागं सारली. पेन मागितलं. घरी येऊन तुला सांगितलं तर तू नाचलीस, आणि लगेच चूकही काढलीस.

दुपारी भांडी आवरली की आपली बैठक बसायची. तू मोठ्यानं वाचायचीस, मी तांदूळ निवडायची. आधी पेपर होता, मग तुझ्या हातात मोबाईल आला. कुठल्या कुठल्या देशांची नावं. एका देशात राज्य करणाऱ्यानं आपली मुदत आपणच वाढवून घेतली. दुसरीकडं न्याय देणाऱ्यांना घरी बसवलं. तिसरीकडं निवडणूक झाली, पण समोर उभा राहणारा आधीच तुरुंगात. तुझा आवाज बारीक व्हायचा. मी म्हणायची, "तितल्या लोकांचं तितं. आपल्याला काय त्याचं? तांदळात खडे लय हायेत बघ."

तू म्हणायचीस, "ताई, पूर्वी रणगाडे यायचे. लोकांना कळायचं तरी, की आलं संकट. आता तसं होत नाही. सगळं जागच्या जागी असतं. मतपेटी असते, कोर्ट असतं, पेपर असतो. फक्त आतनं पोकळ होतं, वाळवी लागल्यासारखं."

मी हसायची. वाळवी मला कळते, पण ती आपल्या तुळईला लागते, परदेशाला कशी लागेल!

आता बबनचं सांगते, म्हणजे वाचणाऱ्यांना कळेल. बबन आपल्या ग्रामपंचायतीचा शिपाई. स्वभावानं गरीब माणूस. ग्रामसभा झाली की, म्हणजे झाली असं कागदावर झालं की, तो हजेरीची वही घेऊन घरोघर यायचा. "मावशी, येक सही." मी पदराला हात पुसून, चष्मा लावून, पाटावर बसून सही करायची. पाच मिनिटं लागायची मला. बबनला तोवर चहा. सभेत काय ठरलं हे मी कधी विचारलं नाही. मला सही करायला मिळायची ना! चार घरं अंगठा लावायची आणि आमच्या घरची म्हातारी सही करते, हे वहीत दिसायचं. मला वाटायचं, हीच माझी पुढारकी.

मग एका सकाळी गायरानाच्या वाटेवर तारेचं कुंपण आलं. आपण दोघी गवताचे भारे आणायला निघालेलो. पलीकडं बंगल्यांचा प्रकल्प, फाटकावर रखवालदार. म्हणाला, इथनं रस्ता प्रकल्पाला दिलाय, तुमच्या गावानंच लिहून दिलंय. तू तशीच विळा कमरेला लावून ग्रामपंचायतीत गेलीस. प्रोसिडिंगच्या वहीची नक्कल मागितलीस. तीन आठवडे खेपा घातल्यास तेव्हा ती मिळाली. ग्रामसभेत सर्वानुमते ठराव, रस्त्यास गावाची हरकत नाही. खाली हजेरी. हजेरीत तिसरी सही माझी.

त्या दिवशी तू मला 'तुम्ही' म्हणालीस. रागावलीस की 'तुम्ही' म्हणायचीस, नाही तर आपलं 'अगं-तुगं' चालायचं.

"ताई, या तारखेला तुम्ही तळेगावला दवाखान्यात होतात. डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. डोळ्याला पट्टी बांधून सभेला कशा हो बसलात?"

मला हसू आलं, खोटं कशाला सांगू. मग तुझं तोंड बघितलं आणि हसू गिळलं. हसू गिळल्यावर राग येतो माणसाला. मी म्हटलं, "सही माजी हाये. मी कुटं बी करीन. तू कोन इचारनार?"

"मी कोणी नाही," म्हणालीस. "पण रोज म्हणता ना, त्या देशांचं आपल्याला काय म्हणून? तिकडंपण बबनच येतो, ताई. वही घेऊन येतो आणि लोक चहा पाजून सही करतात."

आठ दिवस आपण बोललो नाही. ओटा एक, चुली दोन, मध्ये पाण्याचा हंडा. त्या हंड्याला आपण दोघींनी 'सरक जरा' म्हटलं असेल, एकमेकींना नाही.

मग निवडणूक लागली. इथं मला आपल्या गावाची बाजू सांगू दे, कारण तू ती कधी नीट ऐकून घेतली नाहीस. आपल्या गावात तीन खेपा निवडणूक बिनविरोध झाली. देवळात बसायचं, नावं ठरवायची, कुणी विरोधात अर्ज भरायचा नाही. वेशीवर 'बिनविरोध गाव' असं रंगवलेली कमान आहे. ही रीत वाईट मनानं सुरू झाली नव्हती. त्याआधीच्या निवडणुकीत सख्खे भाऊ एकमेकांच्या पोरांच्या लग्नाला गेले नव्हते, विहिरीवर बायका पाठ फिरवून पाणी भरायच्या. ते मी पाहिलंय, तू तेव्हा नवी होतीस. म्हणून गाव म्हणालं, नको ती मतं आणि नको ती भांडणं. तू म्हणायचीस, "मत वेगळं म्हणजे भांडण नव्हे." मी म्हणायची, "लोनावळ्यात नसंल, हितं हाये." यात मी अजूनही तुझं पुरतं मानणार नाही. मतदानानं गाव दुभंगतं, ते मी बघितलंय. पण बिनविरोधानं गाव मुकं होतं, हे तू बघितलंस. तुझं बघणं जास्त लांबचं होतं.

आपल्या वॉर्डात बाईची जागा होती. देवळात आबांच्या सुनेचं नाव ठरलं. आबा म्हणजे गावचे कारभारी, पद कुठलंच नाही आणि सगळी पदं त्यांच्या ओसरीवर. आणि तू, कुणाला न विचारता, वडगावला तहसील कचेरीत जाऊन अर्ज भरून आलीस.

दुसऱ्या दिवशी आबा आपल्याकडं आले. तुझ्याकडं नाही, माझ्याकडं. गूळ-पाणी घेतलं. म्हणाले, "वैनी, तुमी मोट्या. गावाची कमान हाये येशीवर. पुसायला लावू नका."

मी म्हटलं, "आबा, ती ऐकत न्हाई कुनाचं."

"तुमचं ऐकती." मग उठता उठता, चपलेत पाय घालता घालता म्हणाले, "इलासचं बरं चाललंय न्हवं? गाडी रोज जाती ना प्रकल्पावर?"

विलास माझा मुलगा. त्याचा टेम्पो प्रकल्पावर वाळू-सिमेंट टाकायचा. आबांनी आवाज चढवला नाही, धमकी दिली नाही. मुलाची चौकशी केली फक्त. पण त्या दिवशी गाडी घरी येईपर्यंत मी वाटेकडं बघत बसले.

संध्याकाळी मी तुझ्या चुलीपाशी आले. तू भाकरी थापत होतीस. मी म्हटलं, "सिंधू, अर्ज मागं घे."

तू थापणं थांबवलं नाहीस. म्हणालीस, "एक विचारू? भीती वाटते म्हणून सांगतेस, का पटलंय म्हणून?"

"का? फरक काय?"

"भीती असेल तर मी मागं घेणार नाही. भीतीशी दोघी मिळून भांडू. पण तुला मनापासून पटलं असेल, की गावात निवडणूक नको, तर ते तुझं मत आहे. तू माझी पहिली मतदार. तुझं मत ओलांडून मी उभी राहायची नाही."

आणि मी म्हणाले, "पटलंय म्हनून."

एवढंच खोटं बोलले गं मी. दोन शब्द. जगाला फसवलं नाही, कुणाचं शेत लाटलं नाही. दोन शब्द खोटे बोलले, आणि ते अशा माणसाशी, जी माझ्या मताला देव मानत होती. तू भाकरी तव्यावर टाकलीस, हात धुतलेस, म्हणालीस, "बरं."

सकाळी मीच तुझ्यासोबत वडगावला आले. मागं घ्यायचा शेवटचा दिवस होता. तू सही केलीस, झरझर, अर्ध्या मिनिटात. बाहेर आपण वडापाव खाल्ला. तू मिरचीसुद्धा खाल्लीस. मला वाटलं, चला, मिटलं. गावात गुलाल उधळला, माझ्याही केसांत पडला. तू ओट्यावर बसून मटार सोलत होतीस. वर बघितलंस, हसलीस, म्हणालीस, "धुवून टाक, डोळ्यात जाईल. ऑपरेशनचा डोळा आहे."

त्यानंतर दरेक ग्रामसभेला तू गेलीस. बबन कुलूप उघडायचा, तू खुर्चीत बसायचीस, तास काढायचीस. समोर कोणी नाही. "गणपूर्ती झाली नाही असं लिही, बबन," म्हणायचीस. तो म्हणायचा, "काकू, मला नोकरी हाये." तू वहीत एकटीची सही करून घरी यायचीस. मी रोज म्हणायची, आज सांगू, उद्या सांगू, अगं मला पटलं नव्हतं, मी भ्याले होते. सण गेले, भाताच्या लावण्या गेल्या, आणि मग ती चादर.

आता तुझ्या दहाव्याचं ऐक. तू नव्हतीस, म्हणून सांगते.

घाटावर मांडव घातला, पांढऱ्या चादरी, माइक. कावळा घास ठेवल्या ठेवल्या शिवला. लोक म्हणाले, बाईची काही इच्छा राहिली नाही. मी मनात म्हटलं, इच्छा ढीगभर आहेत, पण हिला लोकांना ताटकळत ठेवणं कधी जमलं नाही. महाराजांचं प्रवचन झालं. मग श्रद्धांजल्या. आपल्याकडची रीत तुला ठाऊक, माणूस नदीला पोहोचवायचा आणि पुढाऱ्यांनी त्याच्यावर भाषणं करायची. तुला त्याचं हसू यायचं. "मेलेला माणूस उत्तर देत नाही ना, म्हणून बोलतात," म्हणायचीस.

आबा उभे राहिले. टोपी काढून हातात घेतली, ते नाटक नव्हतं. म्हणाले, "सिंधूताईंचा मोटेपना सांगतो. गावाची येकी टिकावी म्हनून त्यांनी आपला अर्ज सोताहून मागं घेतला. असा त्याग आताच्या काळात कुटं बगायला मिळतो?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. सिंधू, तुझं सगळं आयुष्य त्या एका वाक्यात पुरलं जात होतं. उद्या हेच छापून आलं असतं, परवा तेच खरं झालं असतं. आणि ते खोटं माझ्या हातचं होतं.

मी उठले. घाटावर बाईनं बोलायची रीत नाही. विलासनं पदर धरला, मी सोडवून घेतला. महाराज भले माणूस, त्यांनी माइक माझ्या उंचीला खाली केला.

"आबा, वाईच बसा," मी म्हटलं. "ह्ये खरं न्हाई. सिंधूनं अर्ज मागं घेतला न्हवता. मी घ्याया लावला. मला पटलंय असं सांगितलं, आन् मला पटलं न्हवतं. मी भ्याले हुते. कशाला भ्याले त्ये आबांना ठावं हाये."

आबा हळूच म्हणाले, "वैनी, ही जागा न्हवं."

"जागा तुमीच निवडली, आबा. माइक आदी तुमी घेतला."

मागं कोणी तरी फस्सकन हसलं. दहाव्याला हसलं गं कोणी! मला तुझीच आठवण झाली. मग माझी भीडच चेपली. म्हटलं, "आनखी येक. गायरानाचा रस्ता दिला त्या सबंला मी न्हवते. वहीत माजी सही हाये, पर मी दवाखान्यात हुते. तितं कोन कोन हुतं? हात वर करा."

कोणी नाही केला.

"बरं, कोन न्हवतं? त्यांनी करा."

शेवटच्या रांगेत पूर्वी तुझ्याबरोबर गवत कापायला यायची ती सोबतीण होती, आता आंधळी झालेली. तिनं सगळ्यात आधी हात वर केला, तिला बाकीचे दिसत नव्हते ना, कुणाकडं बघून ठरवायचा प्रश्नच नाही. मग तिच्या शेजारचीनं. मग बाप्यांच्या बाजूनं एक, दोन. मग मला मोजता येईना. बबननं पण केला सिंधू, नोकरीतल्या बबननं. आणि सगळ्यात शेवटी विलासनं.

वीस वर्षांत आपल्या गावानं पहिल्यांदा मतदान केलं, ते तुझ्या दहाव्याला.

घरी आल्यावर विलास दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. प्रकल्पावरनं निरोप आला, सध्या गाडी नको. मी म्हटलं, झालं, पोराच्या पोटावर पाय दिला. तिसऱ्या दिवशी तो जेवताना म्हणाला, "आई, मला इचारायचं तरी."

"घाटावर कुटं इचारू रं तुला?"

"घाटावरचं न्हाई म्हनत. तवाचं म्हनतो. आबा आलते तवा मला इचारायचं. मी म्हनलो असतो, काकूला उबं ऱ्हाऊ दे. टेम्पो काय, कामशेतच्या बाजारात तांदूळ वाहीन. काकूची पत्रकं मी वाटली असती."

पोरासाठी भ्याले, आणि पोराला विचारलंच नाही. गावाला नावं ठेवते, पण घरात मीच निवडून आलेली, बिनविरोध! तू असतीस तर पोट धरून हसली असतीस. हस, हस. मी चिडणार नाही.

आता कसं चाललंय ते सांगते. कुंपण अजून आहे. ते एका दिवसात उठायचं नाही, मला माहीत आहे. आबा रस्त्यात भेटले की नमस्कार करतात, मीही करते. गाव दुभंगलं नाही, लग्नाच्या पत्रिका येतायत. विलास तांदळाची पोती वाहतो, कंबर दुखते म्हणतो, पण घरी लवकर येतो. तुझा मोबाईल मी चार्ज करून ठेवलाय. दुपारी मी वाचते आता. अडखळत वाचते, सून तांदूळ निवडते. परवा वाचलं, कुठल्याशा देशात राजवटीनं सभाबंदी केली तर बायका रिकामी भांडी घेऊन खिडकीत उभ्या राहिल्या आणि वाजवत बसल्या. मी नाव नीट वाचू शकले नाही त्या देशाचं. पण भांडी कळली. मला आता वाटत नाही की हे लांबचं आहे, आणि मला भीतीही वाटत नाही. जे एकेका सहीनं पोकळ होतं, ते एकेका हातानं भरूनही येत असणार. लाकूड नव्हे हे, वाळवीनं खाल्लं की संपलं. हे माणसांचं आहे. तुझी वाळवीची उपमा तेवढी चुकली सिंधू, हे मी तुझ्या तोंडावर सांगते.

आणि आभार मानायचे राहिले. तू मला कधी शिकवलं नाहीस, विचारलंस. "तुला काय वाटतं ताई?" या घरात सासूनं, नवऱ्यानं, दिरानं, कुणी मला तो प्रश्न विचारला नव्हता. तो प्रश्न विचारायची तुला सवय होती, आणि मला खरं उत्तर द्यायची सवय नव्हती. माझं उत्तर उशिरा आलं. पण आलं.

येत्या मंगळवारी ग्रामसभा आहे, अकरा वाजता. रस्त्याचा ठराव पुन्हा मांडा असा अर्ज आम्ही दिलाय, माझी सही पहिली आहे आणि वाचून केलेली आहे. नऊ बायकांनी येते म्हणून सांगितलंय, त्यातल्या चार नक्की येतील, बाकीच्यांना मी आणीन. ठराव पडेल कदाचित. पडला तर पुढच्या सभेला परत. म्हाळाला, पितरांच्या पंधरवड्यात, तू पान जेवायला येशीलच, तुझ्या आवडीची भोपळ्याची भाजी करीन. पण तोवर थांबू नको गं. मंगळवारीच ये. दाराशी खुर्ची ठेवते, कुणाला बसू द्यायची नाही. काही बोलू नको, फक्त बघ. आणि माझं चुकलं तर तिथंच सांग. पण ये सिंधू, लवकर ये.